पोहे-जलेबीवरची शुगर आणि सात हजारांचा चुना

लिहू की नको करत होतो, घरचीच फजिती आहे शेवटी, पण कॉलनीतले अजून दोघं त्याच शुगरच्या चूर्णवाल्याकडून डबे घेतायत असं परवा कळलं म्हणून लिहितोय.

आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. बाबा ७१ चे, शुगर बारा वर्षांपासून, मेटफॉर्मिनची गोळी चालू, मागचं एचबीएवनसी (सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) ७.१, म्हणजे त्यांच्या वयाला ठीकच. जानेवारीत एका रविवारी फिरून झाल्यावर मित्रमंडळींबरोबर पोहे-जलेबी झाली (इंदुरात रविवारी ती कोण सोडतंय) आणि बगिच्याच्या गेटपाशीच एक पांढऱ्या कोटातला माणूस टेबल टाकून फुकट शुगर तपासत बसलेला. बाबांनी बोट पुढे केलं. हात धुतले नव्हते, नुसते रुमालाला पुसलेले, पाक अजून बोटाला चिकटलेला. आकडा आला २५४. "अंकलजी, अब तो किडनी पे जाएगा!" झालं, बाबा घाबरले आणि साडेतीन हजारांचा चूर्णाचा डबा घेऊन घरी आले.

पंधरा दिवसांनी तो घरी आला, सकाळी साडेसहाला, मुद्दाम चहाच्या आधी. १३१! कार्डावर हिरव्या पेनानं २५४ च्या खाली १३१ लिहिलं आणि मध्ये मोठा बाण काढला. आई तर देवापुढे साखर ठेवायला निघाली. मग दुसरा डबा, वर सल्ला की आता गोळी बंद करा, गोळीनेच किडनी खराब होते. बाबांनी केली बंद, आम्हाला न सांगता.

एप्रिलपर्यंत वजन पाच किलो उतरलं, रात्री चार-चारदा उठणं, तोंडाला कोरड. आमच्या डॉक्टरांकडे नेलं तर एचबीएवनसी ९.३. त्यांनी ते कार्ड बघितलं आणि एवढंच विचारलं, "काका, हे पहिलं रीडिंग किती वाजताचं?" कार्डावर वेळेचा रकानाच नव्हता हो! खाल्ल्यावरची शुगर एकीकडे आणि उपाशीपोटीची दुसरीकडे, दोन्ही शेजारी लिहिली की चूर्ण काय, नळाचं पाणीसुद्धा औषध ठरेल. १३१ आली ती तेव्हा चालू असलेल्या गोळीमुळे. तुलना करायची तर उपाशीची उपाशीशी, जेवणानंतर दोन तासांची दोन तासांशीच, आणि बोटाला गोड लागलेलं असलं तर आकडा भलताच वर जातो, शिवाय घरच्या मशीनमध्ये १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतंच. एचबीएवनसीचं असं की ते मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे एका सकाळी उपाशी राहून त्याला गंडवता येत नाही. अंगात रक्त कमी असेल तर मात्र तेही चुकू शकतं, म्हणून डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही करायला लावलं.

त्या चूर्णवाल्याचा फोन अर्थातच बंद. बिल मागितलंच नव्हतं, तर तक्रार कशाच्या जोरावर करणार. डब्यावर कंपनीचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, नुसता एका साधूचा फोटो.

गोळी परत सुरू झालीये, आता बाबा साबणाने हात धुऊन डायरीत आकड्याआधी वेळ लिहितात. दुसरा डबा अर्धा उरलाय, आई टाकू देत नाही, म्हणते पैसे मोजलेत त्याचे.