सशुल्क वंशावळ साइट, इंग्लंडातल्या ओल्डहॅम या गिरणगावातल्या एका गल्लीसाठी: काही महिन्यांनंतरचं मत

कुठल्या सालच्या नोंदी मिळतात वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा राग एका रकान्यावर आहे. जनगणनेच्या पानावर अगदी डावीकडे असतो तो शेड्यूल क्रमांक, म्हणजे गणकाने कुटुंबांना ओळीने दिलेला आकडा. ही साइट तो बिनदिक्कत 'घर क्रमांक' म्हणून छापते. एका घरात दोन बिऱ्हाडं असली की दोन शेड्यूल, घर रिकामं असलं की एकही नाही. गल्लीच्या टोकापर्यंत सगळा हिशेब कोलमडतो. तक्रार केली तर उत्तर काय, मूळ कागदावर तसंच आहे. तसं नाही! पत्त्याचा रकाना शेजारी वेगळा आहे, आणि 1861 च्या पानांवर त्यात बरेचदा नुसतं रस्त्याचं नाव असतं.

म्हणून टाइप केलेली नोंद सोडा, मूळ पानाचं चित्र उघडा. नावांच्या कडेला तिरक्या रेघा दिसतील: एक म्हणजे बिऱ्हाड संपलं, दोन म्हणजे घर संपलं. पानं मागे उलटत त्या गणनाविभागाच्या सुरुवातीला जा, तिथे गणकाच्या हद्दीतले रस्ते लिहिलेले असतात. मग त्याच गल्लीतला पबवाला शोधा. त्या काळच्या व्यापारी डिरेक्टरीत, म्हणजे दुकानदार-धंदेवाल्यांच्या छापील पत्तेयादीत, पबचा पत्ता बहुधा नंबरासकट मिळतो, आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर 25 इंची (मैलाला 25 इंच या प्रमाणाचा) जुना नकाशा फुकट आहे, त्यावर 'पी. एच.' लिहिलेला कोपरा म्हणजे पब. तिथून घरं मोजत आपल्या कुटुंबापर्यंत या. मात्र रस्त्याचे नंबर मध्येच बदललेले असू शकतात, तेव्हा दोन वेगळ्या सालांच्या डिरेक्टऱ्या ताडून बघा.

1851 च्या जनगणनेत नाव सापडलं नाही म्हणून कुटुंब तिथे नव्हतंच असं धरू नका. ओल्डहॅमच्या त्या सालच्या बऱ्याच वह्या पाण्याने खराब झाल्यात. मँचेस्टर अँड लँकशायर फॅमिली हिस्टरी सोसायटीच्या मंडळींनी वाचता आलं तेवढं उतरवून काढलंय.

जन्मनोंदींसाठी तर इथे पैसे घालूच नयेत. साइटवरच्या जुन्या तिमाही सूचीत आईचं माहेरचं आडनाव सप्टेंबर 1911 च्या तिमाहीपासून दिसतं. सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत ते 1837 पासून आहे, आणि शोध फुकट.

एवढं सगळं पाहून वर्गणी बंदच करणार होतो, पण 1921 ने हात धरला. 1911 च्या गणनेत 'कॉटन स्पिनर' (सूत कातणारा) एवढ्यावर बोळवण होते. 19 जून 1921 च्या गणनेत मालकाचं नाव आणि कामाची जागाही विचारली होती. म्हणजे थेट गिरणीच सापडते. (कुणी लोहकामवाला निघाला तर प्लॅट ब्रदर्स ही ओल्डहॅमची गिरणी-यंत्रं बनवणारी कंपनी येण्याची शक्यता दांडगी. मुंबईच्या गिरण्यांतही त्यांचीच यंत्रं गेली.) पुढे मात्र खिंडार: 1931 चे कागद 1942 मध्ये जळाले, 1941 मध्ये गणना झालीच नाही. एकदम 29 सप्टेंबर 1939 चं रजिस्टर (महायुद्धाच्या सुरुवातीला केलेली लोकांची सरकारी नोंद), त्यातही हयात असू शकणाऱ्यांच्या ओळी काळ्या केलेल्या.

वर्षाची वर्गणी महागात पडते. नावं, साल, गल्ल्या आधी कागदावर काढा, एकाच महिन्याचे पैसे भरा आणि पानांची चित्रं उतरवून घ्या. इंग्लंडात राहत असाल तर त्याआधी सार्वजनिक ग्रंथालयात विचारा, बऱ्याच ठिकाणी अशा साइट फुकट बघता येतात. आपोआप नूतनीकरणाची खूण पैसे भरल्या दिवशीच काढायची.