गाण्याचं नाव कुठे शोधावं: कोशात, ओवीत, पावसात की उंबऱ्यावर?

मराठीत गाण्याला वेगळं नाव सहसा नसतंच. मुखड्याची पहिली ओळ हेच त्याचं नाव. रेडिओवर तेच सांगतात, फर्माईशही त्याच ओळीने होते. त्यामुळे नाव सुचलं की निम्मा मुखडा हाती लागतो. पण ते नुसतं वाचायला सुंदर असून भागत नाही, गळ्यात बसावं लागतं. नव्याने गाणी लिहिणाऱ्यांनी नाव कुठे शोधावं, याचा हा माझ्या अनुभवातला हिशेब.

बहुतेकजण आधी शब्दकोश उघडतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आता संगणकावरही चाळता येतात. शब्द भरपूर मिळतात, पण सुटे. ‘झाकोळ’ मला फार आवडतो, पण तो ‘ळ’वर संपतो, सूर लांबवायला जागा उरत नाही. ‘झाकोळून आलं’ म्हटलं की लगेच ओळ होते. ती कोशातून नाही, बोलण्यातून येते. चाल आधी बांधलेली असेल आणि नेमक्या मात्रांचा शब्द हवा असेल, तेव्हा मात्र कोशच उघडावा.

जात्यावरच्या ओव्यांचं उलट आहे. तिथे शब्द सुटा मिळतच नाही, अख्खी ओळ लयीसकट येते. हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर गायिकेच्या नावागावासह ऐकायला मिळतात. ऐका जरूर, पण ओळ जशीच्या तशी उचलू नका. ती कुणीतरी दळता दळता स्वतःच्या दुःखातून रचलेली आहे. तिथून घ्यायची ती बोलण्याची धाटणी: लेकीला, भावाला, जात्याला थेट हाक मारून सुरुवात करणं.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे पावसाची नक्षत्रं. शेतकऱ्यांनी त्यांना नावं दिलीत ती पाहा: पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा. ‘म्हातारा पाऊस’ म्हणून बघा. म्हा-ता-रा, सहा मात्रा. पा-ऊ-स, पाच. सहा मात्रांच्या दादरा तालाची दोन आवर्तनं भरतात आणि एक मात्रा श्वासाला उरते. शिवाय गोष्ट नावातच आहे: जुलै उतरणीला लागलेला, ओटीवर कुणीतरी एकटं बसलेलं. पहिला अंतरा कुठे न्यायचा हे नावच सांगतं. अडचण एकच, शहरातल्या ऐकणाऱ्याला नक्षत्र ओळखीचं असेलच असं नाही. म्हणून चित्र ओळीतच उभं राहायला हवं.

आणि उंबरा. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. आमची आजी दवाखान्यात निघाली तेव्हाही ‘येते गं’ म्हणाली होती. दोनच शब्द, सगळ्यांच्या रोजच्या तोंडचे, आणि परत न येण्याची भीती त्यातच. असं नाव कुठल्याही कोशात सापडत नाही. त्यासाठी वही खिशात ठेवावी लागते आणि घरातल्यांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकावं लागतं.

नावं तयार करून देणारी संकेतस्थळंही मी चाळली. सांज, चांदणं, आठवण यांच्याच जोड्या फिरून फिरून येतात. वेळ घालवू नका.

आधी कुणी तेच नाव वापरलं असेल तर? एका चित्रपटाच्या नावावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. पण आपल्याकडे नाव म्हणजे मुखड्याची ओळ, आणि गाण्याच्या शब्दांवर कॉपीराइट असतो. एक-दोन शब्द जुळले तर बिचकू नका, पूर्ण ओळ जुळली तर बदला. चाल अजून बांधलेली नसेल तर सुरुवात उंबऱ्यावरून करा, पाऊस चालू असेल तर ओटीवरून.