मुलांच्या दातांना फ्लोराईड: वार्निश, जेल की सीलंट?

डेंटिस्टने "फ्लोराईड करून घ्या" सांगितलं की आधी विचारा कुठलं, कारण प्रकार वेगवेगळे आहेत आणि वयाप्रमाणे उत्तर बदलतं.

सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर माझं मत सरळ वार्निश. ब्रशने दातांवर लावतात, लाळ लागली की घट्ट होतं, दोन-चार मिनिटांत काम झालं, आणि पोटात फार कमी जातं. जेलचं तसं नाही, ते ट्रेमध्ये भरून चार मिनिटं तोंडात धरायचं, एवढ्या लहान पोराला थुंकायचं कळत नाही, गिळलं की मळमळ, त्यामुळे सहाच्या आत जेल नकोच. वार्निश लावल्यावर दात थोडे पिवळट दिसतात, घाबरू नका, त्या रात्री ब्रश करायचा नाही, दुसऱ्या दिवशी निघून जातं. फक्त दर सहा महिन्यांनी (कीड जास्त असेल तर तीन) परत जावं लागतं, आणि इथेच सगळे ढेपाळतात.

सीलंट हा फ्लोराईडचा प्रकार नाही, ते म्हणजे कीड लागू नये म्हणून दाढेच्या खाचा पातळ लेपाने बुजवणं. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे पहिली कायमची दाढ येते, दुधाचा दात न पडताच येते म्हणून आईबाबांना वाटतं हीपण दुधाचीच, पडेल नंतर. ती पडत नाही हो, आणि सीलंट तिच्यासाठीच! वेल्समध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांवर सीलंट आणि दर सहा महिन्यांचं वार्निश तीन वर्षं तपासून बघितलं, कीड रोखण्यात दोन्हींत फारसा फरक निघाला नाही. म्हणजे अपॉइंटमेंट पाळणारे असाल तर वार्निश, नसाल तर सीलंट, तेही निघालं नाही ना हे मधे मधे बघून घ्यायचं.

कीड आधीच लागलीय आणि मूल खुर्चीत बसतच नाही? मग एसडीएफ (सिल्व्हर डायमाईन फ्लोराईड) नावाचं औषध असतं, ड्रिल न करता कीड थांबवू शकतं पण तो भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दुधाच्या दाढेला चालेल, पुढच्या दाताला विचार करा.

यातलं काहीही केलं तरी रोजची फ्लोराईडवाली पेस्ट सुटत नाही. ट्यूबवर फ्लोराईड १००० पीपीएम (दहा लाखात हजार भाग) आहे का बघा, मुलांच्या कितीतरी पेस्टमध्ये अर्धंच असतं किंवा नसतंच. तीनच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी.

आणि चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे बोअरचं पाणी पीत असाल तर आधी पाणी तपासून घ्या. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड निघालं तर तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच पुढचं ठरवा.