एक लाख चौऱ्याहत्तर हजारांचा कागद आणि माझी छत्तीस नंबरची दाढ

छत्तीस नंबरच्या माझ्या दाढेला येत्या मार्चमध्ये वर्ष होईल. दाढ म्हणजे खरी नव्हे. जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर झिरकोनियाची पांढरी कॅप, म्हणजे इम्प्लांट. शेहेचाळीस नंबरचं रूट कॅनॉल होऊन तर सव्वा वर्ष झालं. दोन्हींवर ऊस सोडून सगळं खाऊन झालंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी हे नंबर. डॉक्टर तोंडाचे चार भाग धरतात: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. पुढचा आकडा मधल्या पटाशीच्या दातापासून मोजायचा. म्हणून छत्तीस म्हणजे खाली डावीकडची सहावी, अर्थात पहिली मोठी दाढ. हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत दातांचा कागद मी कुंडली बघावी तसा बघत होते.

छत्तीस गेली ती माझ्याच चुकीने. २०१९ साली तिचं रूट कॅनॉल सुरू केलं, पहिल्याच बैठकीत ठणका थांबला, आणि मार्चअखेर होती म्हणून पुढच्या बैठकीला मी गेलेच नाही. (पतपेढीत काम करते. मार्चअखेरीला आमच्याकडे माणसं ताप अंगावर काढतात, दाढ काय घेऊन बसलात.) तात्पुरतं भरलेलं सिमेंट कधी निघालं तेही कळलं नाही. सहा-सात महिन्यांत दाढ उभी चिरली आणि काढावी लागली. जागा पाच वर्षं तशीच राहिली.

मग सप्टेंबर २०२४ मध्ये उजवीकडची शेहेचाळीस ठणकायला लागली. लवंगेच्या तेलाचा बोळा झाला, गोळी झाली, शेवटी स्टेशनजवळच्या नव्या दवाखान्यात गेले. एसी, काचेच्या पेटीत मासे, छताला टीव्ही. पूर्ण जबड्याचा एक्सरे, म्हणजे ओपीजी, काढला. डॉक्टरांनी दोन मिनिटं तोंडात पाहिलं आणि पुढचं समजावायला मला एका वेगळ्या टेबलाशी बसवलं. तिथल्या मुलीने गुळगुळीत कागद पुढे सरकवला. छत्तीस आणि सत्तावीसला दोन इम्प्लांट, ७६,०००. सोळा, पंचवीस, सदतीस, शेहेचाळीस अशी चार रूट कॅनॉल, २६,०००. त्यांवर चार झिरकोनिया कॅप, ४८,०००. हिरड्यांची लेझर ट्रीटमेंट, २४,०००. एकूण १,७४,०००.

दुखत होती एक दाढ.

‘आजच पूर्ण भरलंत तर दहा टक्के कमी, नाहीतर बारा हप्ते, झीरो इंटरेस्ट.’ कर्जविभागात एकोणतीस वर्षं काढली की हे शब्द ऐकून नजर आपोआप खालच्या बारीक अक्षरांवर जाते. रोखीने काम १,५६,६०० ला, हप्त्याने १,७४,००० ला. मग मधले १७,४०० काय आहेत? व्याजच की. घटत्या बाकीवर हिशेब मांडला तर वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास जातं, फाइल चार्ज वेगळाच. शिवाय कर्ज देणार फायनान्स कंपनी. म्हणजे उद्या मी उपचार मध्येच थांबवले, तरी हप्ता माझ्या खात्यातून जातच राहणार. मेडिक्लेमचं विचारू नका. अपघातात दात गेला तर गोष्ट वेगळी, एरवी असली कामं बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत; आमच्याही बसली नाहीत.

एक्सरे मोबाइलवर पाठवा म्हटलं. जरा आढेवेढे झाले, पण पाठवला. पैसे मी भरले होते, फोटो माझ्या जबड्याचा होता. वेदनेच्या गोळ्या लिहून घेऊन घरी आले.

घरी सासूबाई. त्यांची कवळी रात्री स्टीलच्या वाटीत पाण्यात असते. ‘अगं, सगळे काढून टाक आणि मोकळी हो. मला बघ, वीस वर्षांत डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही.’ खरं आहे. पण वीस वर्षांत त्यांनी चिक्कीचंही तोंड पाहिलेलं नाही. ह्यांचं म्हणणं उलट टोकाचं, एकदाच काय ते करून टाक, पैशाचं बघू. पैशाचं बघणारी मीच, त्यामुळे ते वाक्य मी हिशेबात धरलं नाही.

मुंबईत दंत महाविद्यालयं आहेत. पालिकेचं नायरचं मुंबई सेंट्रलला, सरकारी सेंट जॉर्जच्या आवारात सी.एस.एम.टी.जवळ. डोंबिवलीहून सकाळची गाडी धरून यांपैकी एका ठिकाणी गेले. केसपेपर काढला, नंबर लागला, आणि एम.डी.एस., म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण, शिकणाऱ्या एका मुलीच्या खुर्चीवर बसले. या सगळ्या प्रकरणात पैसा वसूल झाला तो इथे, आणि पैसा जवळजवळ लागलाच नाही.

तिने कापसाच्या बोळ्यावर थंड फवारा मारला आणि म्हणाली, ‘मावशी, एकेका दाढेला हे लावते. कळ आली की हात वर करा, थांबली की खाली.’ सोळा आणि पंचवीसला माझा हात वर गेला आणि लगेच खाली आला. शेहेचाळीसला गेला तो वरच. ती घड्याळाकडे बघत होती, मी छताकडे. अर्धं मिनिट तरी गेलं असेल. सदतीसला मध्येच काहीतरी, पाच-सहा सेकंद. मग आरशाच्या दांड्याने एकेक दाढ ठोकली. शेहेचाळीसला मी खुर्चीवरून उठलेच.

नंतर तिने सांगितलं ते मी तिथेच केसपेपरच्या मागे लिहून घेतलं. थंड लागल्यावर कळ येऊन लगेच जात असेल, तर आतली नस बहुधा शाबूत असते. कीड काढून भरलं की पुष्कळदा भागतं. कळ रेंगाळत असेल, रात्री आपोआप ठणकत असेल, तर रूट कॅनॉल. माझ्या मते रूट कॅनॉल सांगितलेल्या प्रत्येकाने एवढंच विचारावं, थंड लावून आणि ठोकून पाहिलंत का? पहिल्या दवाखान्यात यातलं काहीच केलं नव्हतं, सगळा कागद ओपीजीवरून निघाला होता.

हिरड्यांत बारीक खुणांची सळई घालून खोली मोजली. बहुतेक ठिकाणी तीन मिलिमीटर, दोन जागी चार. ‘साधी सफाई करून घ्या, लेझर कशाला?’ सत्तावीस, म्हणजे वरची डावी मागची दाढ, तिच्या जागेबद्दल तिचे सर म्हणाले, ‘चावायला अडतंय का? नाही ना? मग राहू द्या.’ मला वाटायचं की गेलेला प्रत्येक दात परत बसवायचाच असतो. जपानमध्ये १९८९ पासून ऐंशीव्या वर्षी वीस दात राखण्याची मोहीम चालू आहे, ८०२० नावाची. वीस! माझे सत्तावीस-अठ्ठावीस दातांचे हट्ट तिथे चैनीत मोडले असते.

सदतीसबद्दल मात्र त्यांनी हातचं राखून सांगितलं. जुनं मोठं भरणं आहे, खाली नस थोडी चिडलेली दिसते, आज हात लावायची गरज नाही, पण हमी नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येतंय.

तिथेच काम करून घ्यायला चार-पाच खेपा घालाव्या लागल्या असत्या आणि माझ्या रजा संपल्या होत्या. म्हणून काम केलं आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांकडे, केसपेपर पुढे ठेवून. त्यांनी स्वतः पुन्हा तपासलं, मगच हो म्हणाले. शेहेचाळीसचं रूट कॅनॉल ५,५००, कॅप ९,०००. सोळा-पंचवीस भरल्या, २,४००. सफाई १,५००.

राहिली छत्तीस. सगळा घोळ तिचाच. काढघालीचा खोटा दात सगळ्यात स्वस्त, पण सासूबाईंची वाटी डोळ्यांसमोर. ब्रिज २७,०००, म्हणजे तीन कॅप जोडून एक. त्यासाठी पस्तीस आणि सदतीस दोन्ही घासायच्या. पस्तीस माझी अगदी धडधाकट, तिला कानस लावायची कल्पना सोसेना. इम्प्लांट ३२,०००, कोरियन कंपनीचा, वरच्या कॅपसकट. स्विस घेतला असता तर आणखी वीस हजार. डॉक्टर म्हणाले की तुमच्या हाडाला काही फरक पडत नाही, दोन्ही माझ्या पेशंटना बसवलेत. काही करायचंच नाही हाही एक पर्याय होता, पण पाच वर्षांत समोरची सव्वीस खाली उतरू लागली होती आणि सदतीस रिकाम्या जागेकडे कलत होती.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, करून घेतलं, ६.८ आलं, म्हणून पुढे गेलो. साखर हाताबाहेर असती तर थांबवणार होते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतात त्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे का, हेही त्यांनी विचारलं. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, २,४००. खालच्या जबड्यातून नस जाते, तिच्यावर हाड किती उरलंय ते त्यात दिसतं. माझं बारा मिलिमीटर निघालं, म्हणून दहाचा स्क्रू.

नोव्हेंबरात स्क्रू घातला. भूल चढल्यावर दुखलं नाही, पण कवटीत कुणीतरी भिंतीला रॉलप्लग ठोकतंय असा आवाज येतो, तो कुणी आधी सांगत नाही. आठवडाभर दहीभात आणि मऊ खिचडी. मग तीन महिने नुसतं थांबायचं, हाड स्क्रूला धरेपर्यंत. मार्च २०२५ मध्ये कॅप बसली. (हो, पुन्हा मार्चअखेर. या वेळी गेले.)

आता वापर. चावायला उत्तम. पाच वर्षांनी भाकरी डावीकडून खाल्ली. पण एक गोष्ट चमत्कारिक आहे. खऱ्या दाताला मुळाशी गादीसारखा पडदा असतो, स्क्रूला नसतो. त्यामुळे भाकरीत कच लागली तर उजव्या बाजूला लगेच कळतं, डावीकडे पत्ताच लागत नाही. पहिले दोन महिने मी काय चावतेय याचा अंदाज नव्हता. एकदा लाडवातल्या वेलदोड्याचं साल बराच वेळ चघळत बसले होते. सवय होते.

पस्तीस आणि नव्या दाढेच्या फटीत अन्न अडकतं. पेरूची बी, मेथीचं पान, मटणाचा धागा. दोरा पुरत नाही, बाटली धुवायच्या ब्रशसारखा चिमुकला ब्रश लागतो. तो आता पर्समध्ये असतो, डबा खाल्ल्यावर वॉशबेसिनशी उभी राहते. स्क्रूला कीड लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. भोवतीची हिरडी सुजली तर हाड झिजतं आणि घट्ट बसलेला स्क्रू हलायला लागतो.

जुलैमध्ये चावताना ‘टिक’ असा आवाज यायला लागला आणि माझे पाय गळाले, बत्तीस हजार पाण्यात. डॉक्टरांनी कॅपच्या माथ्यावरचं भरणं उकरलं, आतून नळाला गुंडाळतात तसली पांढरी टेप ओढून काढली (टेफ्लॉनचीच असते म्हणे), आणि बारीक पान्याने आतला स्क्रू आवळला. पान्यावर किती जोर लागतोय त्याचे आकडे होते, पस्तीसच्या आकड्यावर त्याची मान ठरल्याप्रमाणे लवली आणि काम झालं. दहा मिनिटं, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, होतं असं कधी कधी. तेव्हा त्यांनी माझ्या फाइलमधलं स्टिकर दाखवलं: कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर. त्याचा फोटो काढून ठेवा. गाव बदललं, डॉक्टर बदलला, तर कुठला पाना लागेल ते त्यावरूनच कळतं. आयुष्यभराच्या वॉरंटीचं कार्डही आहे, पण कर्जाच्या कागदासारखं वाचलं तर ती धातूच्या तुकड्याची आहे, पुन्हा बसवण्याच्या मजुरीची नाही.

आणि सदतीस. २७ ऑगस्टला गणपती बसले, दुसऱ्या रात्री गरम चहाने जी कळ उठली ती पहाटेपर्यंत. दवाखाना बंद. घरात पाहुणे, मी स्वयंपाकघरात गालाला बर्फ लावून. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेहेरबानी म्हणून उघडला. रूट कॅनॉल आणि कॅप, १४,५००.

म्हणजे स्टेशनजवळच्या दवाखान्याने सांगितलेल्या चारांपैकी दोन करावीच लागली. शिवाय सदतीसला शेवटी कॅप लागणारच होती, तर ब्रिज केला असता तर एकात भागलं असतं आणि आजवर पंधरा-वीस हजार वाचले असते, असं ह्यांनी मांडून दाखवलं. हिशेब बरोबर आहे. पण त्यात पस्तीस धरलेली नाही.

सुरुवातीच्या एक्सरेचे ६०० धरून आजवर ६७,९०० गेले. सोळा आणि पंचवीस शांत आहेत, थंड लिंबू सरबत चालतं. सत्तावीसची जागा रिकामी आहे आणि तिची आठवणही येत नाही. परवा संक्रांतीला गुळाची वडी डावीकडून फोडली. सासूबाईंनी पाहिलं, स्वतःची वडी दुधात बुडवली आणि विचारलं, ‘कितीला पडली म्हणालीस ती?’ मी आकडा सांगितला नाही. मार्चमध्ये वर्षाचा एक्सरे आहे. स्क्रूभोवतीचं हाड जागेवर आहे की उतरलंय, ते त्यात दिसेल.