चष्मा पातळ झाला, अनुस्वार रंगीत झाले

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ८ आणि काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसभर पांढऱ्यावर काळं. आजवर साध्या प्लास्टिकच्या, सीआर-३९ च्या काचा वापरल्या. कडेला इतक्या जाड, की चष्मा मिटताना काड्या काचांना अडायच्या. यंदा हौसेनं १.७४ अपवर्तनांकाच्या केल्या (हा आकडा जितका मोठा, तितकी काच पातळ), साडेबारा हजार मोजून.

पातळपणाबद्दल तक्रार नाही. काड्या मिटतात, नाकावरचे वळ गेले. (डोळे मात्र होते तितकेच बारीक दिसतात, दुकानदार काही म्हणो.)

पहिल्याच दिवशी प्रूफ वाचताना ओळीच्या टोकाला पोचले, तर अनुस्वाराला एका बाजूनं निळसर आणि दुसऱ्या बाजूनं तांबूस कड! वाटलं, छपाईत रंग सरकलाय. पण प्रूफ तर एकरंगी. मान वळवून समोरून पाहिलं, की टिंब पुन्हा काळंभोर.

दुकानात उत्तर मिळालं, "सवय होईल मॅडम." नंबर पुन्हा तपासला, तो बरोबर निघाला. दोष नंबराचा नव्हताच. एवढ्या नंबराच्या भिंगाची कड म्हणजे लोलकच; दहावीत घोकलेलं अपस्करण इथे भेटलं. भिंग रंग किती फाकवतं ते ॲबे अंकावरून कळतं, तो जितका मोठा तितकं बरं. सीआर-३९ चा ५८, १.७४ चा ३३. मायनस ८ च्या भिंगात मध्यापासून १ सेंटीमीटर बाजूला पाहिलं, की ८ प्रिझम डायॉप्टर (भिंग तिथे प्रकाश किती वळवतं त्याचं माप) होतात. त्याला ॲबे अंकानं भागलं, की रंग किती फाकतात ते कळतं. जुन्या काचेत ०.१४, नव्या काचेत ०.२४. पावणेदोन पट रंग, आणि हे विकताना कुणी बोललं नाही. पॉलिकार्बोनेटचा विचार केला होता, पण त्याचा ॲबे अंक ३०. सहजी फुटत नाही म्हणून मुलांना ठीक.

शेवटी दुसऱ्या दुकानातून १.६० च्या केल्या, ॲबे अंक ४१ च्या आसपास. तिथल्या काकांनी मोठी फ्रेम हातातून काढूनच घेतली, लहान गोल दिली आणि प्रत्येक बाहुलीसमोर पेनानं ठिपका काढून माप घेतलं, म्हणजे नजर भिंगाच्या मध्यातूनच जावी. कड जरा जाड आली, पण काड्या मिटतात. ओळीच्या टोकाचा अनुस्वार अगदी निरखला तरच किंचित निळा वाटतो.

१.७४ ला पाचपैकी अडीच तारे. तो चष्मा आता लग्नकार्यात घालते.