अठराव्या वर्षी सही की आधी कॉलेज? पिचरच्या घरासाठी दोन वाटांचा हिशेब

जुलैच्या मध्यावर मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट सुरू होतो (त्यात संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) आणि हायस्कूलच्या चांगल्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलाच्या, घरी फोन वाजतो. पलीकडून एकच प्रश्न येतो: इतक्या डॉलरांना सही करणार का? उद्या सांगतो म्हणायला तिथे सवड नसते. संघाची पाळी आलेली असते आणि तुम्ही नाही म्हणालात तर यादीतलं पुढचं नाव तयार असतं. तेव्हा जो आकडा सांगायचा तो फोन येण्याच्या आधीच घरात ठरलेला हवा. अमेरिकेतल्या मराठी घरात पदवीचा विषय लगेच निघतो, आणि तो निघायलाच हवा. पण पिचरच्या बाबतीत त्याच्याइतकाच मोठा दुसरा प्रश्न आहे: कोपर गेलं, तर त्या वेळी मुलगा कुणाच्या पदरी असेल?

आधी नियम. २०२१ पासून ड्राफ्ट २० फेऱ्यांचा आहे. हायस्कूल संपलेल्या मुलाला संघ निवडू शकतो. त्याने सही न करता चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला, की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ वर्षं पुरी होईपर्यंत तो पुन्हा ड्राफ्टमध्ये येत नाही. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजला ही अट नाही, तिथून दर वर्षी निवड होऊ शकते. सही केली की कॉलेज बेसबॉल संपलं. अभ्यास मात्र पुढे केव्हाही करता येतो.

पैसा: बोनस, पगार आणि वय

पहिल्या दहा फेऱ्यांत प्रत्येक निवडीला ठरलेली किंमत असते, तिला स्लॉट म्हणतात. ठोकळमानाने तिसऱ्या फेरीत सात ते दहा-अकरा लाख डॉलर, पाचव्या फेरीत चार-पाच लाख. संघ हे पैसे इकडचे तिकडे करतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या, हातात दुसरा पर्याय नसलेल्या खेळाडूला अगदी थोडक्यात पटवायचं आणि वाचलेली रक्कम हायस्कूलच्या मुलावर लावायची, ही नेहमीची रीत. म्हणून स्लॉट पाच लाखांचा असला तरी तुमच्या मुलाला नऊ लाख मिळू शकतात. अट एकच, कॉलेजचा पर्याय खरा हवा. ज्याला कुठलंच चांगलं कॉलेज घेत नाही, त्याच्या ‘नाही’ला वजन नसतं.

बोनसचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. पाच लाख डॉलरांतून सल्लागाराचे तीन ते पाच टक्के, केंद्राचा आयकर, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर गेल्यावर टेक्सास किंवा फ्लोरिडासारख्या राज्यकर नसलेल्या ठिकाणी सव्वातीन लाखांच्या आसपास उरतात. कॅलिफोर्नियात पावणेतीन लाखांच्या जवळ. ते चार-पाच वर्षं पुरवायचे आहेत, कारण मायनर लीगचा (मेजर लीगखालच्या पायऱ्यांचा) पगार त्यात फारशी भर घालत नाही. २०२३ च्या करारानुसार वर्षाचा किमान पगार असा ठरला: सगळ्यात खालच्या कॉम्प्लेक्स लीगमध्ये १९,८०० डॉलर, सिंगल-ए २६,२००, हाय-ए २७,३००, डबल-ए ३०,२५० आणि ट्रिपल-ए ३५,८००. राहायची सोय २०२२ पासून संघच करतो, ही मोठी सुधारणा आहे. मेजर लीगचा किमान पगार २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर होता. म्हणजे ट्रिपल-ए आणि मेजर लीग यांच्यात एका पायरीचं अंतर, आणि पगारात वीसपटीचं.

लवकर सही करण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा वयाचा. मेजर लीगमध्ये तीन वर्षं भरली की पगाराचा तंटा लवादापुढे नेता येतो, सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा होतो आणि खुल्या बाजारात जातो. क्लेटन कर्शॉने २००६ मध्ये टेक्सासच्या हायस्कूलमधून थेट सही केली आणि विसाव्या वर्षी, २००८ मध्ये, तो डॉजर्सकडून खेळला. जेकब डीग्रॉम कॉलेजमार्गे २०१० मध्ये नवव्या फेरीत निवडला गेला, त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि मेजर लीगमध्ये यायला पंचविशी उजाडली. दोघांनी साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) मिळवले, पण डीग्रॉमची मोठ्या पगाराची वर्षं उशिरा सुरू झाली.

गेरिट कोलचं उदाहरण मात्र उलट सांगतं. २००८ मध्ये यांकीजनी त्याला पहिल्या फेरीत घेतलं होतं. तो नाही म्हणाला, यूसीएलए या कॉलेजला गेला, २०११ मध्ये देशात पहिला निवडला गेला आणि पायरेट्सकडून ८० लाख डॉलर बोनस घेतला. पुढे २०१९ च्या डिसेंबरात त्याच यांकीजनी त्याच्याशी नऊ वर्षांचा ३२ कोटी ४० लाख डॉलरांचा करार केला. कॉलेजने त्याचं काही नुकसान केलं नाही.

कोपर

चेंडू टाकताना हात मागे पडतो आणि पुढे झेपावायला लागतो, त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर सगळ्यात जास्त ताण येतो. प्रयोगशाळेत मोजलेला हा पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरतो. शवांच्या कोपरांवरच्या चाचण्यांत नुसतं आतलं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) साधारण याच्या निम्म्यावर तुटतं. उरलेला भार मनगट आणि बोटं वळवणारे, हाताच्या आतल्या बाजूचे स्नायू उचलतात. ते ताजे असेपर्यंत लिगामेंट सांभाळलं जातं. ते थकले की भार लिगामेंटवर सरकतो. थकलेल्या हाताने टाकलेले शेवटचे वीस चेंडू महाग पडतात ते यामुळेच.

लिगामेंट फाटलं तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली. मनगटाजवळचा किंवा मांडीमागचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) काढून कोपराच्या हाडांतल्या छिद्रांतून ओवतात. सामन्यात परतायला १२ ते १८ महिने लागतात. आधी मिळणाऱ्या खुणा घरच्यांनीही ओळखाव्यात: कोपराखाली आतल्या बाजूला ताठरपणा, एरवी नेमका पडणारा फास्टबॉल वर निसटू लागणं, दोन मैलांनी उतरलेला वेग, बरणीचं झाकण फिरवताना कळ.

दोन्ही वाटांवर हा धोका आहे, फरक भरपाईत आहे. करार असताना शस्त्रक्रिया, पुनर्वसन, पगार सगळं संघाकडून होतं आणि बोनस परत जात नाही. कॉलेजात उपचार होतात, डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या गटातल्या) कॉलेजांना २०२४ पासून खेळ सुटल्यावरही दोन वर्षं त्या दुखापतीचा खर्च द्यावा लागतो, पण ड्राफ्टमधली किंमत कोसळू शकते आणि त्याची भरपाई कुणी देत नाही.

हंटर ग्रीनकडे पाहा. २०१७ मध्ये रेड्सनी त्याला हायस्कूलमधून दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, बोनस ७२ लाख ३० हजार डॉलर. २०१९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, कोपराची शस्त्रक्रिया झाली. तो २०२२ मध्ये मेजर लीगमध्ये आला. कॉलेजला गेला असता, तर फाटलेलं कोपर बरं करत तो २०२० च्या ड्राफ्टला सामोरा गेला असता, आणि कोविडमुळे त्या वर्षी पाचच फेऱ्या होत्या.

आठवड्याचा भार कुठे बरा सांभाळला जातो

मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार सामने आणि सोमवारी सुट्टी. तरुण स्टार्टरची (सामना सुरू करणाऱ्या पिचरची) पाळी साधारण सहा दिवसांनी येते, सुरुवातीला सत्तर-ऐंशी चेंडूंवर त्याला उतरवतात, हंगामाच्या इनिंग (डाव) आधीच ठरलेल्या असतात. संघाने पैसे गुंतवलेले असतात, सामना जिंकण्याची घाई नसते. पण इथली दुसरी बाजू कमी बोलली जाते. वेग आणि फिरकी वाढवण्याचा दबाव रोजचा असतो, आणि मेजर लीगनेच डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात वाढत्या दुखापतींचं कारण म्हणून सतत जास्तीत जास्त वेगाने, पूर्ण जोर लावून टाकण्याकडे बोट दाखवलंय.

कॉलेजात शुक्रवारचा स्टार्टर दर सात दिवसांनी टाकतो. ही लय हाताला मानवते, वेट रूमला आणि अभ्यासाला वेळ मिळतो. अडचण मे-जूनमध्ये येते. बाद फेरीत शुक्रवारी शंभर चेंडू टाकलेल्या मुलाला रविवारी रिलीफला, म्हणजे मधूनच दुसऱ्या पिचरच्या जागी, बोलावणारे कोच आहेत. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ तक्त्यात १९ ते २२ वयाला दिवसाला १२० चेंडूंची मर्यादा आहे, ८१ ते १०५ चेंडूंनंतर चार दिवस विश्रांती आणि त्याहून जास्त झाले तर पाच. कॉलेज निवडताना गेल्या तीन वर्षांतल्या बाद फेऱ्यांचे बॉक्स स्कोअर (सामन्यांचे आकड्यांचे तक्ते) उघडून कुणी किती दिवसांनी किती चेंडू टाकले ते स्वतः मोजा. कोचच्या तोंडच्या आश्वासनापेक्षा हे कागद खरे.

दोन उदाहरणं, दोन्ही बाजूंनी बोलणारी

२०१४ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या तिन्ही निवडी पिचरच्या होत्या. पहिला ब्रेडी एकन, हायस्कूलचा. वैद्यकीय तपासणीत लिगामेंटवर शंका आली, अ‍ॅस्ट्रोजनी देकार खाली आणला, सही झाली नाही, पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. दुसरा टायलर कोलेक, तोही हायस्कूलचा, मार्लिन्सकडून ६० लाख डॉलर. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. तिसरा कार्लोस रोडोन कॉलेजमधून आला आणि २०१५ च्या एप्रिलमध्येच मेजर लीगमध्ये खेळला. त्याचंही कोपर २०१९ मध्ये गेलं, पण तोवर त्याची चार वर्षं वरच्या पगारात झाली होती. कोलेकला मात्र त्याचे साठ लाख मिळाले, हेही विसरू नये.

कुमार रॉकर आईकडून भारतीय वंशाचा. २०१८ मध्ये रॉकीजनी त्याला ३८व्या फेरीत घेतलं, तो व्हँडरबिल्टला गेला. २०१९ मध्ये ड्यूकविरुद्ध १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट करत (तीन स्ट्राइकवर बाद करत) नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देणारा सामना, टाकला. २०२१ मध्ये मेट्सनी दहाव्या क्रमांकावर निवडलं, ६० लाखांवर बोलणी झाली, तपासणीनंतर संघाने हात मागे घेतला. मग खांद्याची शस्त्रक्रिया, स्वतंत्र लीगमधले थोडे सामने, २०२२ मध्ये रेंजर्सकडून तिसऱ्या क्रमांकावर निवड आणि ५२ लाख, २०२३ मध्ये कोपर, आणि २०२४ च्या सप्टेंबरात मेजर लीग. अशा प्रकरणांनंतर नियम बदलला: ड्राफ्टच्या आधीच ठरलेली तपासणी करून घेणाऱ्या खेळाडूला स्लॉटच्या किमान ७५ टक्के देकार द्यावाच लागतो. बोलावणं आलं तर ही तपासणी चुकवू नका.

मग कुणी काय करावं

आमच्या मते निकष मुलाचा आजचा वेग आणि त्याच्या अंगात उरलेली वाढ हा असावा. अठराव्या वर्षी जो ताशी ९५-९७ मैल टाकतो आणि शरीराने भरलेला आहे, त्याची किंमत आत्ताच शिखरावर आहे आणि त्याच्या लिगामेंटवरचा ताणही. त्याला वीस लाखांच्या पुढे मिळत असतील तर सही करावी. तीन वर्षांत ही किंमत वाढण्यापेक्षा कोपर जाण्याची भीती मोठी आहे. जो ८८ ते ९१ टाकतो, उंच आहे, हडकुळा आहे, चेंज-अप (फास्टबॉलसारखा टाकलेला पण हळू येणारा चेंडू) अजून हातात बसलेला नाही, त्याने दहा लाखांच्या आतल्या देकाराला नाही म्हणावं आणि कॉलेज गाठावं. पॉल स्कीन्सला हायस्कूलनंतर कुणीच निवडलं नव्हतं. एअर फोर्स अकादमी, मग एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी), आणि २०२३ मध्ये तो देशात पहिला, ९२ लाख डॉलर. पुढच्याच मे महिन्यात मेजर लीग.

दहा ते वीस लाखांच्या मधलं प्रकरण कॉलेजच्या दर्जावर ठरतं. पूर्वी डिव्हिजन वनच्या संघाला सगळ्या खेळाडूंत मिळून ११.७ शिष्यवृत्त्या वाटाव्या लागत. कॉलेज खेळाडूंच्या खटल्यात २०२५ मध्ये झालेल्या समझोत्यानंतर त्यात सामील झालेली कॉलेजं संघातल्या ३४ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतात. पण ३४ म्हणजे ३४च. दुसऱ्या कॉलेजातून आलेले बावीस वर्षांचे पिचर समोर असताना पहिल्या वर्षाच्या मुलाला किती इनिंग मिळतील, हे विचारा. बेंचवर दोन वर्षं गेली तर कॉलेजची वाट निवडून मिळवलं काय? तशी शंका असेल तर ज्युनियर कॉलेज बरं: पहिल्याच वर्षी भरपूर पिचिंग आणि पुढच्या जुलैत पुन्हा ड्राफ्ट.

सहीच करायची ठरली, तर बोनसबरोबर शिक्षणाची रक्कम करारात लिहून घ्या. संघ ठरावीक सेमिस्टर आणि दर सेमिस्टरला ठरावीक डॉलर मान्य करतो. मुलाला जायचं होतं त्या कॉलेजची आजची पूर्ण फी, राहणं-जेवण आणि पुस्तकं धरून आठ सेमिस्टरचा आकडा मागा. ही रक्कम करपात्र असते आणि नंतर वाढत नाही. व्यावसायिक बेसबॉल सोडल्यापासून दोन वर्षांत अभ्यास सुरू केला नाही तर ती बुडते. म्हणून संघाने मोकळं केल्याचं पत्र आलं, की त्याच्यावरची तारीख घरातल्या कुणीतरी कॅलेंडरवर लिहून ठेवा.