डीडीएस लॉजिकल फाइल सोडून एसक्यूएल इंडेक्स-व्ह्यू : आठ महिन्यांनंतर

आयबीएम आय या आयबीएमच्या सर्व्हर प्रणालीवर आमच्या जुन्या लॉजिकल फाइल्स, म्हणजे टेबलातला डेटा वेगळ्या रूपात दाखवणाऱ्या फाइल्स, डीडीएस या तिथल्या जुन्या व्याख्याभाषेत लिहिलेल्या होत्या. की (क्रम ठरवणारं फील्ड) असलेली लॉजिकल फाइल एकटी तीन कामं करते. रेकॉर्डना क्रम लावते, हवी तेवढीच फील्ड दाखवते आणि सिलेक्ट-ओमिटने (निवडण्या-वगळण्याच्या अटींनी) नको ते रेकॉर्ड गाळते. एसक्यूएलकडे वळलं की ही कामं फुटतात : फील्ड निवडणं आणि गाळणं व्ह्यूकडे (साठवलेल्या क्वेरीकडे), क्रम इंडेक्सकडे (कीच्या क्रमाच्या सूचीकडे). व्ह्यूला की नसते, आणि इंडेक्सचं नाव देऊन एसक्यूएलची सिलेक्ट क्वेरी चालत नाही. पहिला महिना याचा वैताग आला. मग कळलं की आरपीजी या आमच्या प्रोग्रामिंग भाषेच्या एफ-स्पेकमध्ये (फाइल जाहीर करण्याच्या ओळीत) इंडेक्सचं नाव दिलं तरी सेटएलएल, चेन, रीड हे कीवरून शोधण्या-वाचण्याचे आदेश पूर्वीसारखेच चालतात. निम्मी धास्ती तिथेच गेली.

खरा फायदा पानाच्या, म्हणजे एका वेळी वाचल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, आकारात आहे. लॉजिकल फाइलच्या अ‍ॅक्सेस पाथचं (कीच्या क्रमाने रेकॉर्ड शोधणाऱ्या रचनेचं) पान कीच्या लांबीवर ठरतं, बहुतेक वेळा ८ केबी. एसक्यूएल इंडेक्सचं ६४ केबी. त्यामुळे आधी इंडेक्स करायचा आणि मग त्याच कीची जुनी लॉजिकल फाइल पुन्हा तयार करायची. ती इंडेक्सचाच पाथ वापरते. फॉरमॅट (रेकॉर्डची रचना) तोच असल्याने लेव्हल चेक, म्हणजे रचना बदलल्याची चूक, येत नाही, प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. क्रम उलटा केलात तर दोन पाथ सांभाळत बसाल.

आता आमची फजिती. एक लॉजिकल फाइल कुठल्याच प्रोग्राममध्ये सापडेना, शेवटच्या वापराची तारीखही जुनाट. उडवली. तीन आठवड्यांनी टेबलात दुहेरी नोंदी! तिच्या डीडीएसमध्ये वरतीच युनिक, म्हणजे एकच की दोनदा नको, असं लिहिलं होतं. कुणी उघडत नसलं तरी ती पहारा देत होती. तेव्हापासून उडवण्याआधी सोर्स वाचतो, आणि ऑप्टिमायझरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने) पाथ शेवटचा कधी घेतला ते इंडेक्सच्या आकडेवारीत वेगळं पाहतो. ऑब्जेक्टवरच्या तारखेत ते दिसत नाही.

दुसरा चटका छोटा, पण बोचरा. एका रिपोर्टने एसक्यूएलमध्ये थेट लॉजिकल फाइलचंच नाव दिलं होतं, ऑर्डर बाय न लिहिता. जुन्या क्वेरी इंजिनात ओळी कीप्रमाणे येत, नव्यात विस्कटल्या. चूक रिपोर्टचीच, शिव्या आम्हाला.

एन्कोडेड व्हेक्टर इंडेक्स (किल्ल्यांऐवजी मूल्यांचे कोड साठवणारा इंडेक्सचा प्रकार) फक्त स्टेटससारख्या मोजकीच वेगळी मूल्यं असलेल्या कॉलमवर ठेवलेत. त्यांच्यावरून क्रमाने वाचता येत नाही, म्हणून आरपीजीला त्यांचा उपयोग शून्य.

मल्टी-फॉरमॅट, म्हणजे एकाहून जास्त रेकॉर्ड-रचना एकत्र देणाऱ्या, लॉजिकल फाइल्स मात्र जशाच्या तशा आहेत. हेडर आणि डिटेल एकाच कीच्या ओळीने, वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये देणारं काही एसक्यूएलमध्ये सरळ मिळत नाही.